विमानापूर्वीचे कुंडस्नान : वेळेचे गणित उलटे मांडावे

बीड (प्रतिनिधी) : परदेशात स्थायिक झालेला मुलगा महिनाभराच्या सुट्टीसाठी गावी येतो. लग्नकार्ये, कुलदैवताचे दर्शन, नातेवाइकांकडील जेवणे यांत दिवस कसे सरतात ते कळत नाही. परतीचा दिवस तोंडावर आला की आईला आठवण होते, यंदाही वज्रेश्वरीला जायचे राहिलेच. विमान मध्यरात्रीनंतरचे आहे, मुंबईला जायचेच आहे, मग जाता जाता गरम पाण्याच्या कुंडात स्नान करू, देवीचे दर्शन घेऊ आणि तेथूनच मुलाला विमानतळावर सोडू, असा बेत घरात ठरतो. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव या भागांतील अनेक कुटुंबांची मुले-मुली आता परदेशी आहेत. त्यामुळे असा बेत फारसा नवलाचा राहिलेला नाही.

बेत वाईट नाही. मात्र तो बहुधा सकाळच्या बाजूने आखला जातो. किती वाजता निघायचे, जेवण कोठे घ्यायचे, कुंडावर केव्हा पोहोचायचे अशा क्रमाने दिवस मांडत गेल्यास विमानाच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो. गणित विमानाच्या वेळेपासून मागे मांडावयास हवे. हिशेब एवढ्यावरच संपत नाही. कुंडाच्या पाण्याची उष्णता, ज्येष्ठांची प्रकृती आणि रात्री गाडी घेऊन परतणारा चालक, यांचाही विचार आधीच झालेला बरा.

विमानापूर्वी गरम पाण्यात स्नान ही कल्पना जगाच्या पाठीवर नवी नाही. आइसलँडमधील केफ्लाविक विमानतळापासून मोटारीने वीसेक मिनिटांच्या अंतरावर ‘ब्लू लगून’ हे स्नानस्थळ आहे. स्वार्त्सेंगी येथील भूऔष्णिक वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे १९७० च्या दशकात हे तळे तयार झाले. पाण्याचे तापमान ३७ ते ४० अंश सेल्सिअस राखले जाते, प्रवेशाची वेळ आगाऊ ठरवावी लागते आणि पाण्यात उतरण्यापूर्वी अंग धुणे सक्तीचे असते. उतरल्याबरोबर किंवा निघण्यापूर्वी तेथे जाण्याचा प्रघात प्रवाशांत पडला आहे. डिसेंबर २०२३ पासून लगतच्या परिसरात वारंवार झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांमुळे हे ठिकाण अनेकदा बंद ठेवावे लागले. जपानमध्ये होक्काइदो बेटावरील न्यू चितोसे विमानतळाच्या इमारतीतच गरम झऱ्याच्या पाण्याचे स्नानगृह आहे. परदेशातून आलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर हे चित्र असते, तर आईच्या मनात देवीचे कुंड असते. दोघे बोलतात एकाच गोष्टीविषयी. पण त्यांच्या अपेक्षा निराळ्या असतात. वज्रेश्वरीच्या कुंडात तापमान राखणारी यंत्रणा नाही आणि स्नानाची वेळ आगाऊ राखून ठेवण्याची सोयही नाही.

वाट कोणती धरावी

बीड जिल्ह्यात गरम पाण्याचा प्रसिद्ध झरा नाही. कपिलधारचे पाणी थंड, आणि खजाना विहिरीचेही. मराठवाड्यातील नावाजलेले उष्णोदक कुंड उनकेश्वरचे. ते नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या परिसरात आहे. बीडहून ते मुंबईच्या अगदी विरुद्ध दिशेला येते. हैदराबादहून विमान पकडणाऱ्या परळी-अंबाजोगाईकडील एखाद्या प्रवाशाला ते सुचू शकेल. पण वाट मोठी वाकडी आहे. उनकेश्वरला स्वतंत्रपणेच जावे.

मुंबईच्या वाटेवर म्हणावे असे ठिकाण वज्रेश्वरीचेच. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी अशी तीन गावे जवळजवळ आहेत. सुमारे पाच किलोमीटरच्या परिसरात वीसएक झरे आहेत. पलीकडे पालघर जिल्ह्यात सातिवलीचे झरे आहेत. वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकता यावा यासाठी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला आणि १७३९ च्या विजयानंतर देवीचे मंदिर उभे राहिले, असे सांगितले जाते. मंदिर टेकाडावर असून पायऱ्या बावन्न आहेत. गुडघेदुखीच्या ज्येष्ठांसाठी त्यांचाही हिशेब वेळेत धरावा. गणेशपुरीत भगवान नित्यानंद १९३६ मध्ये येऊन राहिले आणि १९६१ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या समाधीच्या दर्शनाला देशोदेशींचे भाविक येतात.

बीडहून येथे येण्यास दोन वाटा आहेत. पहिली परिचयाची, अहिल्यानगर, आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण आणि भिवंडी अशी. गेवराई-माजलगाव पट्ट्यातील लोक ज्याला कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग म्हणतात तो हाच. तो पाडळसिंगी आणि माजलगाववरून जातो. या वाटेने अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. परंतु माळशेजचा घाट, कल्याणची गर्दी आणि भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर यांमुळे जेवणासह नऊ तास तरी धरावे लागतात. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळतात, धुके उतरते आणि सुट्टीच्या दिवशी धबधब्यांपाशी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. विमानाचे तिकीट खिशात असताना जुलै-ऑगस्टमधील रविवारी हा घाट टाळलेला बरा.

दुसरी वाट लांबची, पण भरवशाची. बीडहून गेवराई, पाचोडमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठावयाचे आणि तेथून समृद्धी महामार्गाला लागावयाचे. नागपूरपासून ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्याने पूर्ण झाला. आमणे हे ठिकाण भिवंडी तालुक्यातच आहे. महामार्ग संपतो तेथून वज्रेश्वरी फार दूर राहत नाही. एकूण अंतर सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटर होते, पथकरही पडतो. मात्र वाटेत गावे, फाटे आणि घाटातील कोंडी लागत नसल्याने पोहोचण्याच्या वेळेचा अंदाज बांधता येतो. एरवी पहिली वाट ठीक आहे. विमानाच्या दिवशी मात्र शंभरएक किलोमीटर अधिक चालून अंदाज पक्का मिळत असेल, तर ती किंमत जास्त नाही.

मागून पुढे

समजा, विमान १२ तारखेच्या पहाटे अडीचला आहे. पहिली चूक येथेच होते. तिकिटावर १२ तारीख पाहून बाराव्या दिवशी सकाळी घर सोडणारे लोक आजही आढळतात. तोवर विमान सुटलेले असते. घर ११ तारखेस सोडावयाचे आहे.

अडीचच्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी साडेतीन तास आधी, म्हणजे रात्री अकराला, विमानतळाच्या दारात असावे. सामान स्वीकारण्याची खिडकी साधारणपणे उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते आणि त्यानंतर विनवण्या करून उपयोग नसतो. वज्रेश्वरीहून सहारचा विमानतळ साठ-सत्तर किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असेल तर दोन तास. पण मोकळा असेल असे धरून चालणे धोक्याचे. शिरसाड फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने यावे तर वसईची खाडी आणि घोडबंदरच्या तोंडाशी गाड्या खोळंबतात. भिवंडी-ठाणेमार्गे यावे तर संध्याकाळची अवजड वाहने असतात. यासाठी साडेतीन तास राखून ठेवावेत. म्हणजे संध्याकाळी साडेसातच्या आत वज्रेश्वरी सोडलीच पाहिजे. स्नान, कपडे बदलणे, दर्शन, थोडी विश्रांती आणि खाणे यांना तीन तास दिले, तर साडेचारला तेथे पोहोचावयास हवे. अहिल्यानगरच्या वाटेने नऊ तास धरले की बीड सकाळी साडेसातला सोडावे लागते. अंबाजोगाई किंवा परळीहून निघणाऱ्यांनी आणखी दोन-अडीच तास धरावेत, म्हणजे पहाटे पाचला निघणे आले.

परतीच्या दिवशी सकाळी साडेसातला घर सोडणे किती अवघड असते ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. शेजारी निरोप द्यायला येतात, लोणच्याची बरणी ऐन वेळी गळते, पिशवीचे वजन पुन्हा करावे लागते. निघायला दहा वाजले तर कुंडाचा बेत तेथेच सोडून द्यावा, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे. वाटेत ठरवायचे म्हटले की कोणाचे तरी मन मोडते आणि मग ‘पाचच मिनिटे’ म्हणून गाडी वळते.

विमान संध्याकाळचे किंवा सकाळचे असेल तर एका दिवसात हे बसत नाही. तेव्हा आदल्या दिवशी येऊन वज्रेश्वरी-गणेशपुरी परिसरात मुक्काम करावा आणि पहाटे कुंडावर जावे. खरे तर मध्यरात्रीच्या विमानासाठीही ज्यांच्याकडे एक दिवस शिल्लक आहे त्यांनी हेच करावे. पहाटे गर्दी कमी असते, ऊन नसते आणि ज्येष्ठांना नऊ तासांच्या प्रवासाचा शीण घेऊन गरम पाण्यात उतरावे लागत नाही. महाशिवरात्र, चैत्र अमावास्येची वज्रेश्वरीची यात्रा आणि गणेशपुरीत गुरुपौर्णिमा, या दिवसांत येथे मोठी गर्दी होते. त्यांच्या आसपास हा बेत करू नये. पावसाळ्यात तानसेला पूर आला की नदीलगतची कुंडे पाण्याखाली जातात.

विमानतळ आता दोन

आणखी एक गोष्ट तिकीट काढतानाच पाहावी. मुंबई परिसरात आता दोन विमानतळ आहेत. उलवे येथील नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. सहारच्या विमानतळाचा संकेत बीओएम, तर नवी मुंबईचा एनएमआय असा आहे. परदेशी जाणारा प्रवासी दिल्लीमार्गे किंवा अन्य शहरामार्गे जात असेल, तर त्याचे पहिले विमान कोठून सुटते हे या तीन अक्षरांवरून कळते.

उलव्याचे विमान असेल तर वज्रेश्वरी गैरसोयीची ठरते. ठाणे, कळवा, नवी मुंबई अशी सारी कोंडी पार करून उलट्या बाजूस यावे लागते. अशा वेळी रायगड जिल्ह्यातील उन्हेरे अधिक सोयीचे. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराच्या पालीपासून हे कुंड तीन-चार किलोमीटरवर आहे. बीडहून अहिल्यानगर, शिरूर, पुणे, द्रुतगती मार्गाने खोपोली आणि तेथून पाली अशी वाट आहे. पालीहून वाकण, नागोठणे, पेणमार्गे उलवे साधारण सत्तर किलोमीटर. येथे कमी-अधिक उष्णतेची कुंडे आहेत आणि त्यांपैकी एकातील पाणी स्नानासाठी फारच तापलेले असते. चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, पालीत गणेशभक्तांची रीघ लागते, एवढे ध्यानात ठेवावे. कोकणात महाड तालुक्यातील सव, दापोलीकडील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ-राजवाडी, राजापूरचे उन्हाळे अशी आणखी ठिकाणे आहेत; पण विमानाच्या दिवशी ती वाटेवरची नव्हेत.

पाणी तापते कशाने

वज्रेश्वरीच्या कुंडांतील पाणी हे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, अशी लोककथा आहे. शिकलेल्या घरांत तिच्या जागी दुसरी कथा आली आहे, ती म्हणजे खाली ज्वालामुखी आहे ही. तीही खरी नाही. दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसापासून बनला हे खरे. पण ती घटना सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तो दगड कधीच निवून गेला आहे.

पृथ्वीच्या पोटात जावे तसतशी उष्णता वाढते, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल मुरते, तेथे तापते आणि एखादी मोकळी भेग सापडली की निवण्याआधी वर येते. बीड जिल्ह्यात हजार फुटांवर गेलेल्या बोअरचे पाणी थंडीत सकाळी कोमट लागते, ते याच नियमाने. फरक एवढाच की बीडला ते पंपाने ओढून काढावे लागते, तर सह्याद्रीच्या पश्चिमेला जमिनीला लांबलचक भेगा असल्याने आपोआप वर येते. म्हणूनच उत्तरेस पालघरमधील कोकनेरेपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत समुद्रकिनाऱ्याला समांतर अशी झऱ्यांची माळ आढळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत देशातील सुमारे तीनशे उष्ण झऱ्यांची नोंद होती; १९९१ च्या भूऔष्णिक नकाशासंग्रहात ती संख्या ३४० वर गेली.

कोकणपट्टीतील या झऱ्यांचे तापमान ठिकाणापरत्वे ३४ पासून सुमारे ७० अंशांपर्यंत आढळते. वज्रेश्वरी परिसरातही सर्व कुंडे सारखी नाहीत. सूर्यकुंड, चंद्रकुंड, अग्निकुंड अशी नावे आहेत आणि एका कुंडात सुखाने बसता येते, तर शेजारच्यात पाय टाकवत नाही. तरणतलावांलगतच्या गरम पाण्याच्या टाक्यांसाठी पाश्चात्त्य देशांत ४० अंशांची कमाल मर्यादा सांगितली जाते. अनेक कुंडांचे पाणी त्याहून उष्ण असते. झरा फुटतो तेथे ते सर्वांत तप्त, आणि दूर जाईल तसे निवत जाते.

कोणी उतरावे, किती वेळ

गरम पाण्यात रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि रक्तदाब उतरतो. पाण्यात बसल्यावर बरे वाटते; उठताना मात्र डोळ्यांपुढे अंधारी येते. ओल्या, शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर सत्तरीच्या माणसाचा तोल जाण्याची वेळ ती हीच. एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक बसू नये, सावकाश उठावे, कोणीतरी हात द्यावा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांनी उतरू नये. मधुमेहींची पावले अनेकदा बधिर झालेली असतात. पाणी पोळते आहे हे त्यांना समजत नाही आणि फोड आल्यावरच कळते. त्यांनी पाय घालून नव्हे, तर कोपर बुडवून पाणी पाहावे.

डोके बुडवून डुबकी मारण्याची रीत मात्र येथे सोडावी, हे आवर्जून सांगावयास हवे. ‘नेग्लेरिया फाउलेरी’ हा अमिबा उबदार गोड्या पाण्यात राहतो, ४५ अंशांच्या आसपासचे पाणीही त्याला मानवते. नाकावाटे पाणी वर गेल्यास तो मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार अतिशय दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुधा प्राणघातकच ठरतो. पाणी खांद्यापर्यंत ठेवावे आणि नाकात जाऊ देऊ नये. तीर्थ म्हणून हे पाणी पिण्याचाही प्रघात आहे. या झऱ्यांच्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात, शिवाय कुंडात दिवसभर अनेकांनी अंग धुतलेले असते. ओंजळ कपाळाला लावली तरी भाव पोहोचतो. अंगावर जखम असेल तर स्नान टाळावे. त्वचारोग बरा होतो या श्रद्धेने येणारे पुष्कळ आहेत; त्यांनी चालू औषध बंद करू नये.

विमानप्रवासात हवा कोरडी असते आणि शरीरातील पाणी कमी होते. कुंडात घाम जाऊन ते आधीच उतरलेले असते. त्यामुळे बाहेर आल्यावर साधे पाणी भरपूर प्यावे. तासभर तरी विसावा घ्यावा.

पिशवीतील तीर्थ आणि खोबरे

स्नानाला जाताना पारपत्र, तिकीट, पैसे कोणा एकाच्या स्वाधीन करावेत आणि त्याने पाण्यात उतरू नये. काठावर ठेवलेल्या पिशवीत पारपत्र ठेवून सगळे कुटुंब कुंडात, हे दृश्य पाहण्यासारखे नाही. चांदीचे दागिने घरीच ठेवावेत; गंधकयुक्त पाण्याने चांदी काळी पडते. ओल्या कपड्यांनी पिशवीचे वजन वाढते. ते आई-वडिलांबरोबर बीडला परत पाठवून द्यावेत.

तीर्थाची बाटली हातातील सामानात चालत नाही; १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातील द्रव पदार्थ आंतरराष्ट्रीय प्रवासात तपासणीच्या वेळी काढून घेतले जातात. ती घट्ट बंद करून मोठ्या सामानात ठेवावी. प्रसादाच्या सुक्या खोबऱ्याची अडचण उलट आहे. त्यात तेल पुष्कळ असल्याने ते ज्वालाग्राही मानले जाते आणि मोठ्या सामानात ठेवण्यास मनाई आहे. देवीपुढचा नारळ फोडून तेथेच वाटावा.

चालकाची झोप

मुलगा आत गेला, काचेआडून हात हलवून झाला, की रात्रीचे बारा वाजलेले असतात. सकाळी साडेसातपासून गाडी चालविणाऱ्या माणसाला तेव्हा सोळा-सतरा तास झालेले असतात आणि पुढे बीडपर्यंतचा चारशे किलोमीटरचा रस्ता उभा असतो. गाडीत मागे थकलेले आई-वडील असतात. या सगळ्या बेतात खरा धोका कोठे असेल तर येथे आहे. विमान चुकले तर दुसरे तिकीट काढता येते.

गरम पाण्यातून बाहेर आल्यावर झोप येते, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून चालकाने संध्याकाळी कुंडात उतरू नये. इतरांची स्नाने होईपर्यंतच्या तीन तासांत त्याला गाडीबाहेर, आडवे होता येईल अशा जागी झोपू द्यावे. गाडी भाड्याची असेल तर मालकाशी बोलतानाच रात्रीच्या मुक्कामाचे ठरवावे आणि त्याचे पैसे धरावेत. घरचाच कोणी गाडी चालविणार असेल तर दुसरा चालविणारा बरोबर घ्यावा. ठाणे-कल्याण परिसरात नातेवाईक असल्यास त्यांच्याकडे, नसल्यास साध्या निवासगृहात रात्र काढून सकाळी चहा घेऊन निघावे. मुलाचे विमान तोपर्यंत उतरले असेल, तर त्याचा फोनही वाटेतच येईल.